ठिणगी नेमकी कधी पडते? टायमिंग लाइट आणि जुन्या गाड्यांची गोष्ट

(माण, ता. मुळशी येथील व्याख्यानाचे शब्दांकन)

आजचा विषय आहे टायमिंग लाइट. पिस्तुलाच्या आकाराचा एक दिवा, जो मिस्त्री जुन्या पेट्रोल गाडीच्या पुलीवर रोखून धरतो. तुम्ही म्हणाल, माणमध्ये हा विषय कशाला? इथे आयटी पार्क आहे, मेट्रोचा डेपो आहे. गाड्यांच्या इंजिनांसाठी सॉफ्टवेअर लिहिणारे लोक याच हिंजवडी-माण पट्ट्यात बसतात. मी म्हणतो, म्हणूनच. ते सॉफ्टवेअर आज जे काम करतं, ते पूर्वी माणूस करायचा, आणि आधी कानाने करायचा. कानाकडून डोळ्याकडे आणि डोळ्याकडून कॉम्प्युटरकडे हे काम कसं गेलं, ते आज बघू. आणि ज्यांच्या दारात जुनी फियाट किंवा पेट्रोल जीप उभी आहे, त्यांच्या हाताला काही लागेल असंही सांगतो.

आधी मूळ प्रश्न. पेट्रोल इंजिनात पिस्टन वर येतो, प्लग ठिणगी टाकतो, मिश्रण पेटतं. ही ठिणगी पिस्टन अगदी टॉपला आल्यावर पडत नाही, थोडी आधी पडते. कारण ज्योत पसरायला वेळ लागतो, अंदाजे दोन-तीन हजारांश सेकंद. जोर पिस्टनवर खाली जाताना बसायला हवा, म्हणून काडी आधी ओढावी लागते. किती आधी? हे क्रँकच्या अंशांत मोजतात. विलिज जीपच्या जुन्या चार सिलिंडर इंजिनाला हा आकडा टॉपच्या 5 अंश आधी असा आहे. आयडलला, म्हणजे मिनिटाला 800 फेऱ्यांवर, 5 अंश फिरायला क्रँकला साधारण एक हजारांश सेकंद लागतो. इतक्या वेळाची चूक आपण नुसत्या डोळ्याने पकडू शकत नाही.

आणि चुकीची किंमत मोठी असते. ठिणगी फार उशिरा पडली तर इंजिन तापतं, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतात, पिकअप जातो, पेट्रोल वाया जातं. फार लवकर पडली तर चढावर टकटक आवाज येतो, आणि दुर्लक्ष केलं तर पिस्टनला भोक पडतं.

सुरुवातीच्या मोटारींमध्ये हे काम थेट ड्रायव्हरकडे होतं. 1908 साली आलेल्या फोर्डच्या मॉडेल टीमध्ये स्टिअरिंगच्या डाव्या बाजूला ठिणगीची दांडी होती, उजव्या बाजूला थ्रॉटलची. हँडल मारण्यापूर्वी ठिणगी मागे घ्यायची. विसरलात तर हँडल उलटा झटका द्यायचं आणि मनगट मोडायचं. म्हणजे त्या काळी गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला टायमिंग कळावंच लागायचं. पुढे मुंबईत 1926 साली फोर्डची भारतातली कंपनी स्थापन झाली, 1928 साली जनरल मोटर्सने गाड्या जोडायला सुरुवात केली, आणि मोटार आपल्याकडे जरा जास्त संख्येने दिसू लागली.

त्याच सुमाराला ड्रायव्हरच्या हातून ती दांडी गेली. अमेरिकेत चार्ल्स केटरिंग या इंजिनिअरने बॅटरी, कॉइल आणि पॉइंट यांची इग्निशन पद्धत तयार केली, आणि 1910 च्या आसपास ती कॅडिलॅकमध्ये आली. त्याच्या कंपनीच्या लांबलचक नावाची आद्याक्षरं जोडून झालेला शब्द म्हणजे डेल्को. गंमत बघा, आपल्या गॅरेजात डिस्ट्रिब्युटरला अजूनही डेल्कोच म्हणतात. कंपनीचं नाव सुट्या भागाला चिकटलं आणि शंभर वर्षं टिकलं. या डेल्कोत पुढे फिरत्या वजनांची योजना आली. इंजिनाचा वेग वाढला की वजनं बाहेर फेकली जातात आणि ठिणगी आपोआप पुढे सरकते. ड्रायव्हर मोकळा झाला. पण डेल्को मुळात कुठे बसवायचा, हे ठरवायचं काम मिस्त्रीकडे आलं. इथून टायमिंग ही मिस्त्रीची विद्या झाली.

मिस्त्री ते कसं ठरवायचा? पहिली रीत कानाची. डेल्कोचा नट ढिला करायचा, इंजिन चालू ठेवायचं, डेल्को हळूहळू फिरवायचा, आवाज भरला की थांबायचं, किंचित मागे घ्यायचं, नट आवळायचा. दुसरी रीत बल्बची. कॉइलच्या डेल्कोकडच्या टोकाला आणि बॉडीला एक छोटा बल्ब जोडायचा. इंजिन हाताने फिरवताना पॉइंट उघडला की बल्ब पेटतो. बुलेटवाले बल्बऐवजी पॉइंटमध्ये सिगारेटचा पातळ कागद धरायचे. तो सुटला की पॉइंट उघडला. या रीती चांगल्या आहेत, आजही वापराव्यात. पण बल्ब आणि कागद उभ्या इंजिनाची गोष्ट सांगतात. इंजिन पळताना वजनं सरकतात की गंजून अडकलीत, हे त्यांना कळत नाही.

तिसरी रीत म्हणजे आपला दिवा. त्याचं मूळ मोटारीपेक्षा जुनं आहे. 1832 च्या सुमाराला बेल्जियममध्ये प्लाटो आणि व्हिएन्नात स्टाम्पफर या दोघांनी, एकमेकांना न विचारता, चिरा पाडलेली फिरती चकती बनवली. चिरांमधून बघितलं की फिरणारी चित्रं हलताना किंवा थांबल्यासारखी दिसायची. याच खेळण्यातून पुढे सिनेमाकडे वाट गेली. जुन्या सिनेमात टांग्याचं चाक उलटं फिरताना दिसतं ना, तोच हा प्रकार. मग 1931 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत हॅरॉल्ड एजर्टन यांनी विजेच्या लखलखाटाने फिरती मोटर ‘थांबवून’ दाखवली. टायमिंग लाइट हे त्याच कल्पनेचं गॅरेजातलं रूप. पहिल्या नंबरच्या प्लगला ठिणगी गेली की दिवा लखलखतो. पुलीवरची खूण दर वेळी त्याच क्षणी उजळते, म्हणून आपल्याला स्थिर दिसते. ती आकड्याच्या कुठल्या रेघेपाशी दिसते, तेच तुमचं टायमिंग.

आता यात माझ्या मते महत्त्वाचं काय घडलं, ते सांगतो. कानाची विद्या वस्तादाच्या कानात असते. पोऱ्याने चार-पाच वर्षं पार्ट धुतले तरी ती उतरेलच असं नाही, आणि गाडीमालकाला तर विश्वास ठेवण्यापलीकडे इलाज नसतो. दिव्याने ती गोष्ट सगळ्यांसमोर आणली. वस्ताद, पोऱ्या, मालक, तिघंही एकच खूण बघू शकतात. आकडा वहीत लिहिता येतो, पुढच्या वर्षी ताडून बघता येतो.

पण म्हणून कान बाद झाला का? नाही. मॅन्युअलमधला आकडा त्या काळच्या पेट्रोलसाठी छापलेला आहे. आपल्याकडे शिसंयुक्त पेट्रोल 2000 च्या फेब्रुवारीपासून देशभर बंद झालं. आजचं पेट्रोल वेगळं आहे, त्यात इथेनॉल आहे. मुंबईच्या पद्मिनी टॅक्सी सीएनजीवर गेल्या तेव्हाही हाच प्रश्न आला. या वायूची ज्योत सावकाश पसरते, म्हणून ठिणगी काही अंश पुढे घ्यावी लागते. तेव्हा दिव्याने आकडा लावा, मग गाडी पिरंगुटच्या घाटात टॉप गिअरमध्ये चढवा आणि ऐका. टकटक आली तर एक-दोन अंश मागे या. मोजायला दिवा, शेवटचा निर्णय द्यायला कान.

दिवा घ्यायचा कोणता? जुना निऑनचा दिवा प्लगच्या वायरीतूनच चालतो, स्वस्त असतो, पण त्याचा तांबूस उजेड दिवसा दिसत नाही. झेनॉनचा किंवा पांढऱ्या एलईडीचा, वायरीवर नुसता चिमटा लावायचा असा दिवा घ्या. चिमट्यावरचा बाण प्लगकडे हवा. पुलीवर अंशांच्या रेघा असतील तर साधा दिवा पुरतो. फक्त टॉपची एकच खूण असेल तर मागे डायल असलेला घ्या. गाडी 6 व्होल्टची असेल तर शेजारी 12 व्होल्टची वेगळी बॅटरी ठेवून दिवा तिच्यावर चालवा. चिमट्याच्या दिव्याला ते चालतं. बॅटरीचा प्लस बॉडीला जोडलेली जुनी इंग्लिश गाडी असेल तरी लाल चिमटा प्लसलाच. आणि डिझेल जीपला हा दिवा लावू नका, तिथे ठिणगीच नसते.

वापरताना क्रम मोडू नका. आधी पॉइंटचा गॅप फिलर गेजने लावा. जीपला तो 0.020 इंच आहे. पॉइंटची टाच झिजली की गॅप कमी होतो आणि ठिणगी उशिरा पडते, म्हणून टायमिंगआधी पॉइंट. इंजिन गरम होऊ द्या. व्हॅक्यूमची नळी असेल तर काढून तिचं तोंड बंद करा. पुलीची खूण घासून तिच्यावर खडू किंवा पांढरा रंग लावा. चिमटा फॅनकडून पहिल्या सिलिंडरच्या वायरीवर. आयडल मॅन्युअलप्रमाणे ठेवा आणि डेल्को केसभर फिरवत जा. डेल्को क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, त्यामुळे तो 1 अंश सरकवला की टायमिंग 2 अंशांनी बदलतं. नट आवळून पुन्हा बघा. मग थोडं रेस करा. खूण सलग पुढे सरकली तर वजनं ठीक आहेत. जागेवरच राहिली तर ती अडकलीत. नाचत असेल तर डेल्कोचा बुश किंवा टायमिंग चेन तपासा.

एक धोका मात्र लक्षात ठेवा. या उजेडात फिरता फॅनही थांबल्यासारखा दिसू शकतो. बाही, ओढणी, गळ्यातली साखळी, सगळं आवरून मगच वाका.

2000 नंतर भारत स्टेज नियम आले, पेट्रोल गाड्यांत कॉम्प्युटर आले, डेल्को गेला आणि दिवा खणात पडला. 2023 च्या ऑक्टोबरात मुंबईच्या रस्त्यावरून काळी-पिवळी पद्मिनीही गेली. पण 2021 च्या केंद्रीय नियमाने 50 वर्षांहून जुन्या, मूळ रूपातल्या गाड्यांना व्हिंटेज म्हणून नोंदणीची सोय दिली आहे. 1974 ची पद्मिनी आता त्या वयात आली. गाड्या राहतील, कागद राहतील. डेल्को लावणारा हात राहील का, हा प्रश्न आहे. ज्यांनी ही कामं केली ते मिस्त्री आता सत्तरीत आहेत.

तेव्हा एकच विनंती. घरी अशी गाडी असेल तर या महिन्यात एखाद्या जुन्या मिस्त्रीला बोलवा. डेल्को त्यांना फिरवू द्या, दिवा घरातल्या पोराच्या किंवा पोरीच्या हातात द्या. किती अंश आला, गॅप किती ठेवला, कुठल्या चढावर आवाज आला, हे तारखेसह वहीत लिहा आणि ती वही गाडीतच ठेवा. आता प्रश्न घेऊ या.