छपरातून येणारा उजेड

२००६ चा मे महिना, भोसरी एमआयडीसी, बुधवार दुपार. अर्ध्या उघड्या शटरखालून वाकून तुम्ही आत येता. जेवणाची सुट्टी झालीय. लेथ थांबलेत, चार पोरं दाराशी डबे उघडून बसलीत. डोक्यावरचा पत्रा सकाळपासून तापलाय आणि आता ती उष्णता तो खाली सोडतोय. सावलीत उभे असूनही तुमचा माथा भाजतो.

जरा थांबा आणि ऐका. भिंतीच्या कडेनं एक बारीक फुस्सकारा, तिसऱ्या मशीनमागून दुसरा. हवेच्या पाइपांचे सांधे गळतायत. एकही मशीन चालू नाही, तरी कोपऱ्यातला कंप्रेसर मधूनच धडधडत उठतो आणि गेलेली हवा भरून काढतो. जिथे हे सांधे कुणी तपासत नाही, तिथे दाबलेल्या हवेतली वीस-तीस टक्के हवा अशीच वाया जाते, हा ऊर्जेचं ऑडिट करणाऱ्यांचा सगळीकडचा अनुभव. जेवणाच्या सुट्टीत दहा मिनिटं शांतपणे उभं राहायचं आणि कान द्यायचा, एवढ्यावर हे कळतं. त्याला कुठलं उपकरण लागत नाही.

आता वर पाहा. छपरात फायबरचे पारदर्शक पत्रे बसवलेत, पण काजळी आणि तेलकट धुळीनं ते असे काळवंडलेत की भर दुपारी ट्यूबा जळतायत.

“उद्या गुरुवार, साहेब. आजच सगळं उरकायचंय,” डब्यावरून मान वर करत एक मामा सांगतात. या पट्ट्यात कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. विजेचा भार एकाच दिवशी येऊ नये म्हणून औद्योगिक भागांना वेगवेगळे वार वाटून दिले गेले, त्यात इथे गुरुवार आला. मुलांची सुट्टी रविवारी आणि बापाची गुरुवारी, हे इथल्या घरांच्या अंगवळणी पडलंय. विजेच्या टंचाईनं माणसांचा आठवडा असा ठरवला.

टंचाई त्या वर्षी राज्यभर आहे. पुण्यात मात्र वेगळा प्रयोग सुरू होतोय. उद्योगांची संघटना सीआयआय, वीज वितरण कंपनी महावितरण आणि वीज नियामक आयोग यांनी मिळून वाट काढली: मोठ्या कारखान्यांनी आपापले डिझेल जनरेटर चालवायचे, शहराची सुमारे ९० मेगावॉटची तूट भरून काढायची आणि त्याचा जादा खर्च ग्राहकांच्या बिलातून वसूल व्हायचा. पुण्यातल्या घरांचं भारनियमन त्यामुळे टळलं. सहकार्याचं मोलाचं उदाहरण होतं ते, आणि त्याचं श्रेय द्यायलाच हवं. पण त्या विजेचा हिशेब मांडून बघा. एक लिटर डिझेलमधून साधारण साडेतीन युनिट निघतात. चोकसकट ५० वॉट खाणारी एक ट्यूब आठ तास जळली की कटिंग चहाएवढं डिझेल संपतं. तेही बाहेर रणरणतं ऊन असताना, आणि केवळ छपराचा पत्रा पुसलेला नाही म्हणून.

आता चाळीस वर्षं मागे चला. १९६६. पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी आहे, एमआयडीसी स्थापन होऊन चारच वर्षं झालीत. तुम्ही टेल्कोच्या जागेवर उभे आहात. मुरमाड, उजाड माळ, वाऱ्याबरोबर धूळ. इथे कंपनीचे प्रमुख सुमंत मुळगावकर यांच्या आग्रहानं हजारो झाडं लागतायत, पाणी अडवून तळं केलं जातंय. ट्रक बनवणाऱ्या कंपनीला झाडं कशाला, असं तेव्हा कुणाच्या मनात आलंही असेल. झाड पानांतून पाणी सोडतं, भोवतालच्या हवेचं तापमान उतरवतं, जमिनीला तापू देत नाही. शेडच्या भिंतीवर येऊन धडकणारा वाराच मुळी दोन-तीन अंशांनी थंड असेल, तर आत पंख्याला काम कमी पडतं.

त्याच सुमारास या पट्ट्यात उठणाऱ्या कित्येक शेडचं छप्पर करवती असतं: एक बाजू उतरती पत्र्याची, दुसरी उभी काचेची, आणि काच उत्तरेला. त्याखाली जाऊन उभे राहा. तळहात पुढे करा. उजेड भरपूर आहे, पण हातावर ऊन नाही, मशीनवर झळाळी नाही, सावल्या मऊ आहेत. मायक्रोमीटरवरची रेघ डोळे बारीक न करता वाचता येते. पुणं विषुववृत्ताच्या साडेअठरा अंश उत्तरेला. वर्षाचा बहुतेक काळ दुपारचा सूर्य इथे दक्षिणेकडे झुकलेला असतो, म्हणून उत्तरेच्या काचेतून फक्त आकाश आत येतं. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत तो माथ्यावरून थोडा उत्तरेला सरकतो खरा, पण त्यातला बराच काळ पावसाळी ढगांचा. ज्यानं हे छप्पर आखलं त्याला इथलं आकाश ठाऊक होतं.

वर्षभरानं, ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे, कोयनेचा भूकंप होतो. तिथल्या जलविद्युत केंद्राची वीज बंद पडते, मुंबई-पुण्याचे कारखाने अडखळतात. करवती छपराखाली सकाळ मात्र नेहमीसारखी उजाडते.

आता एकदम पुढे. २०१२, हिंजवडी, दुपारचे चार. सातव्या मजल्यावर तुमची खुर्ची पश्चिमेच्या भिंतीशी आहे, आणि ती भिंत म्हणजे जमिनीपासून छतापर्यंत काच. उजेडासाठी, असं माहितीपत्रकात म्हटलं होतं. पण या वेळी समोरून येणारं ऊन स्क्रीन दिसू देत नाही, म्हणून पडदे खाली ओढलेत. पडदे ओढले म्हणून दिवे लावलेत. काच तापली म्हणून एसीची थंडी वाढवलीय, आणि मधल्या ओळीत बसलेली मुलगी शाल पांघरून कोड लिहितेय. मला या दृश्याचा राग येतो. इथे कुणीही आळशी नाही, निष्काळजीही नाही. चूक आराखड्यात झाली आणि पुढची तीस वर्षं तिचं बिल भरलं जाणार.

दुसरी वाट तेव्हाही होती. इन्फोसिसनं हैदराबादला २०११ मध्ये एका इमारतीचे दोन सारखे अर्धे केले. एकात चांगल्या प्रतीचं नेहमीचं एसी, दुसऱ्यात स्लॅबमधल्या नळ्यांतून थंड पाणी. दुसऱ्या अर्ध्याला थंडाव्यासाठी सुमारे एक तृतीयांश वीज कमी लागली. दूर कशाला, चिंचवडच्या थरमॅक्सची यंत्रं वाया जाणाऱ्या उष्णतेवर पाणी गार करतात, आणि कासारवाडीच्या फोर्ब्स मार्शलचं कामच वाफ वाचवण्याचं. नियमांकडूनही हाक आलेली होती: २००७ ची ऊर्जा संवर्धन इमारत संहिता, त्याच वर्षाचं हरित इमारतींसाठीचं ‘गृह’ तारांकन. आणि पिंपरी-चिंचवड महापालिका तर ‘गृह’नुसार बांधणाऱ्याला प्रीमियममध्ये आणि मिळकतकरात सवलत देणाऱ्या पहिल्या काही महापालिकांपैकी.

शेवटचा थांबा आजचा. चाकणजवळ म्हाळुंगे, काल-परवापर्यंत कांद्याचं असलेलं रान. जमिनीवर पांढरी फक्की मारलीय, उद्या खोदाई. पुढे ऑफिस, मागे शेड. मालक, आर्किटेक्ट आणि ठेकेदार जीपच्या बॉनेटवर नकाशा पसरून उभे आहेत. नकाशाच्या कोपऱ्यात उत्तरेचा बाण आहे, त्याकडे कुणाचंच लक्ष नाही. ऑफिसची लांब काचेची बाजू रस्त्याकडे आहे, आणि रस्ता पश्चिमेला.

तुम्ही पुढे होऊन त्या बाणावर बोट ठेवता. इमारत काटकोनात फिरवली तर काच उत्तरेला जाते, एवढंच सांगता. जिना, स्वच्छतागृहं आणि स्टोअर पश्चिमेला टाकता येतील, त्या भिंतीचं ऊन ते झेलतील. शेडच्या पत्र्याखाली इन्सुलेशन घालायचं तर ते आताच, नंतर तेच काम अवघड होतं. पश्चिमेच्या कुंपणाला कडुलिंब आणि करंज लावले, तर इमारत पुरी होईस्तोवर डोक्याइतके वाढतील. रस्त्यावरून दिसायला? तिथे कंपनीच्या नावाची पाटी दिसली की पुरे.

ठेकेदार घड्याळ बघतो. आर्किटेक्ट नकाशा हातानं वळवून पाहतात, एकदा, दोनदा. मग मालक ठेकेदाराकडे वळून विचारतात, “फक्की पुसून नवी मारायला किती वेळ लागेल?”

“दोन तास, शेठ.”