दवंडी कुठवर पोचली?

१८५० च्या मे महिन्यात ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांचा मुक्काम चौक गावी होता. कर्जत आणि त्याचा खालापूर पेटा हा मुलूख तेव्हा ठाणे जिल्ह्यात मोडत असे. तो कुलाब्याला, म्हणजे आजच्या रायगडला, जोडला गेला १८९१ मध्ये. मॅलेटसाहेब समोरचा डोंगर चढून गेले, वरची हवा आणि झाडी त्यांना आवडली आणि माथेरानचे दिवस पालटले. १८५५ मध्ये गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन येऊन गेले. रस्ते आखले गेले, बंगले उठले. १९०५ मध्ये माथेरानला नगरपालिका मिळाली आणि १९०७ मध्ये नेरळहून आगगाडी वर चढली. ती पीरभॉय कुटुंबाने स्वतःच्या पैशाने बांधली होती.

या तारखा शेजारीशेजारी ठेवल्या की एक गोष्ट ठळक दिसते. कर्जत तालुक्यातली पहिली नगरपालिका डोंगरमाथ्यावर, हवा खायला येणाऱ्या मुंबईकरांसाठी उभी राहिली. खाली मामलेदार कचेरी असलेले खुद्द कर्जत त्यानंतरही कित्येक दशके ग्रामपंचायतीच्याच कारभारात होते. ज्यांना सरकारशी बोलता येत होते त्यांच्यापर्यंत सरकार आधी गेले. बाकीच्यांपर्यंत गेली ती दवंडी.

दवंडीची रीत सगळ्यांच्या ओळखीची. तिसऱ्या प्रहरी किंवा दिवेलागणीला गावचा माणूस वाद्य वाजवत आळीच्या तोंडाशी उभा राही आणि सांगे: वसुलीला साहेब येणार, गुरांना लस टोचायची आहे, अमुक दिवशी चावडीवर हजर राहा. पंचायतीचा निर्णय, तलाठ्याचा हुकूम आणि गावकीची बैठक, सगळे त्याच एका आवाजात गावात फिरे. ही रीत मात्र उगाच गोड करून सांगण्यासारखी नाही. हे काम महार वतनात मोडत होते. दिवसरात्र सरकारी बोलावण्याला धावायचे आणि मोबदला म्हणून तुटपुंजे बलुते व इनामी जमिनीचा तुकडा घ्यायचा, असा तो बांधलेला जन्म होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात या वतनाविरुद्ध विधेयक आणले. वतन कायद्याने संपायला १९५८ साल उजाडले. पुढे पगारी कोतवाल आले आणि दवंडी त्यांच्याकडे गेली. गावाला बातमी सांगणाऱ्या माणसाला गावात सन्मानाने उभे राहता यायला इतकी वर्षे लागली, हे या मुलखाच्या इतिहासात नोंदलेच पाहिजे.

कायद्यानेही दवंडीला जागा दिली. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाखाली ग्रामसभेच्या बैठकीची सूचना पंचायतीच्या फलकावर लावायची आणि गावात दवंडीही द्यायची, असा नियम झाला. हा नियम करणाऱ्यांना लिहितावाचता न येणाऱ्या माणसाची आठवण होती. आज फलक भरलेला असतो, भ्रमणध्वनीवरच्या गटात संदेशही जातो आणि तेवढ्यावर काम भागले असे धरले जाते. डोंगराच्या कुशीतल्या ठाकूरवाडीत, जिथे नेटवर्क शोधायला टेपावर जावे लागते, तिथे हा संदेश पोचला असे म्हणायचे कशाच्या आधारावर?

वाडीपर्यंत चालत जाणारे कारभारीही याच मातीत होऊन गेले. विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवाल यांचा जन्म १ डिसेंबर १९१२ रोजी माथेरानच्या एका गरीब नाभिक कुटुंबात झाला. वकील झाल्यावर ते माथेरान नगरपालिकेचे उपाध्यक्ष झाले. त्या खुर्चीवर बसून बंगलेवाल्यांचे रस्ते झाडून घेणे त्यांना पुरेसे वाटले नाही. ते खालच्या गावांत उतरले, शेतकऱ्यांच्या मुलांसाठी शाळा काढल्या, सावकाराच्या दारात जावे लागू नये म्हणून धान्यकोठ्या उभारल्या. १९४२ च्या लढ्यात त्यांच्या आझाद दस्त्याने मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडले. ही वीज याच मुलखातल्या पाण्यावर तयार होई. टाटांचे खोपोलीचे वीजगृह १९१५ चे, भिवपुरीचे १९२२ चे. २ जानेवारी १९४३ च्या पहाटे सिद्धगडाच्या जंगलात पोलिसांनी दस्त्याला गाठले आणि भाई कोतवाल व हिराजी पाटील हुतात्मा झाले. दरवर्षी २ जानेवारीला सिद्धगडावर लोक जमतात. ती तारीख कर्जत-मुरबाडच्या गावांना वेगळी कळवावी लागत नाही.

काही दिवस असेच दवंडीवाचून चालतात. खोपोलीजवळच्या साजगावची, बोंबल्या विठोबाची जत्रा कार्तिकी एकादशीला सुरू होते आणि पुढे पंधरवडाभर चालते. बेगमीची सुकी मासळी, घोंगड्या, बैल यांचा हा बाजार. घाटावरचा माणूस आणि खाडीकाठचा माणूस इथे एकमेकांना भेटतो. महडच्या वरदविनायकाचा माघी उत्सवही तसाच. त्या मंदिराची उभारणी १७२५ मध्ये सुभेदार रामजी महादेव बिवलकर यांनी केली, असे सांगतात. तिथी ठरलेली, त्यामुळे पंचांग हीच सूचना. पाणी, दिवे, दुकानांच्या जागा यांची सोय मात्र पंचायतीला आणि नगरपालिकेला पाहावी लागते, आणि त्यांच्या वर्षभराच्या कामापैकी लोकांच्या थेट डोळ्यांसमोर येणारे काम बहुधा हेच असते.

नंतरच्या काळात कारभाराच्या पाट्या भराभर बदलल्या. कारखान्यांमुळे वाढलेल्या खोपोलीला नगरपालिका मिळाली. दहिवली, मुद्रे, गुंडगे, भिसेगाव ही गावे पोटात घेऊन कर्जत शहर झाले. राज्य सरकारने तालुक्याच्या ठिकाणच्या ग्रामपंचायतींना नगरपंचायत करायचे ठरवले तेव्हा खालापूरही त्यात आले, १७ प्रभागांसह. नगराध्यक्ष कधी थेट जनतेने निवडायचा, कधी नगरसेवकांनी, हेही वारंवार बदलत राहिले: २०१६ मध्ये थेट, २०२० मध्ये पुन्हा नगरसेवकांकडून, २०२२ मध्ये पुन्हा थेट.

शिवाय गावाच्या जमिनीचा निर्णय गावाबाहेर होऊ लागला. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग खालापुरातून गेला. २०१३ मध्ये नवी मुंबई विमानतळाच्या प्रभावक्षेत्रासाठी २७० गावे अधिसूचित झाली, त्यात कर्जत आणि खालापूर या दोन्ही तालुक्यांतली गावेही होती. विकास आराखडा राजपत्रात आणि वर्तमानपत्रात छापून येतो, हरकतींना मुदत असते. मुदत उलटून गेल्यावर नकाशा पाहणाऱ्या शेतकऱ्याच्या हाती फार काही उरत नाही. म्हणून सूचना कशी आणि कुठे वाचली गेली, हा प्रश्न इथे थेट सातबाऱ्याशी जोडलेला आहे.

आणि कधी तो जिवाशीही जोडला जातो. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाच्या पोटातली इर्शाळवाडी दरडीखाली गेली. ही ठाकूर समाजाची वाडी चौक ग्रामपंचायतीच्याच हद्दीत होती, म्हणजे ज्या गावातून १८५० साली कलेक्टर डोंगर चढले त्याच गावाच्या. माथेरानला त्यानंतर वीस वर्षांच्या आत रस्ते, सत्तावन्न वर्षांनी आगगाडी. इर्शाळवाडीला पावणेदोनशे वर्षांनंतरही पायवाटच. यंत्रे वर नेता आली नाहीत, लोकांनी हातांनी माती उपसली. २७ मृतदेह सापडले, ५७ जण बेपत्ता राहिले आणि चौथ्या दिवशी शोध थांबवावा लागला. दरडप्रवण गावांच्या सरकारी यादीत वाडीचे नाव नव्हते, असे खुद्द सरकारनेच विधिमंडळात सांगितले.

यादीत नाव नाही, म्हणून इशारा नाही. पत्त्यावर चौक, मतदार यादीत चौक, पण डोंगराच्या भेगेची बातमी सांगायला आणि ऐकायला वाडीचे असे कार्यालय नाही. रायगड जिल्हा घटनेच्या पाचव्या अनुसूचीतल्या क्षेत्रात येत नाही, त्यामुळे पेसा कायद्याने शेजारच्या ठाणे-पालघरमध्ये पाड्याला मिळणारी स्वतंत्र ग्रामसभा इथल्या ठाकूर-कातकरी वाड्यांना मिळत नाही. वाडीच्या माणसाने खाली गावात उतरायचे, एक दिवसाची मजुरी बुडवायची आणि मोठ्या गावच्या सभेत मागच्या ओळीत बसायचे, असा आजवरचा शिरस्ता.

ग्रामसभेची गणपूर्ती १५ टक्के किंवा १०० मतदार, यांपैकी जी संख्या कमी असेल ती. मोठ्या ग्रामपंचायतीत एकाही वाडीतला माणूस न येता ती सहज भरते. त्याआधी महिलांची सभा घेण्याचे बंधन कायद्यात आहे. तीच सभा आळीपाळीने एकेका वाडीत भरवायला पंचायतीला कोणी अडवलेले नाही. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या नेहमीच्या तारखांच्या आधी ग्रामपंचायत अधिकाऱ्याने विषयपत्रिका घेऊन वर जावे, ती ठाकरी आणि कातकरी बोलणाऱ्या माणसाकडून वाचून घ्यावी, आणि वाडीने सांगितलेले विषय लिहून खाली आणावेत. त्यांतला पहिला विषय बहुतेक ठिकाणी पावसाळ्याचा असेल: कोणते घर कधी हलवायचे, कुठे, आणि तिथे पाणी आहे का.