भाग १४ : राल्फ कुठे गेला?

हा भाग ऐकण्यापेक्षा वाचायला ज्यांना बरं वाटतं, त्यांच्यासाठी ही लिखित आवृत्ती. बोलताना घसरलेली दोन-चार वाक्यं सरळ केलीत, बाकी जसंच्या तसं.

आजचा गेम म्हणजे 'रॅम्पेज'. मी तो पहिल्यांदा खेळलो पिपरी मेघेला, आमच्या घरी. साधारण २००५ चा उन्हाळा. पिपरी म्हणजे वर्ध्याला अगदी चिकटलेलं गाव. शहर कुठे संपतं ते नवख्याला कळत नाही. बाबांनी नागपूरच्या सीताबर्डीवरून टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम आणला होता. दोन रिमोट, एक बंदूक आणि एक पिवळी कॅसेट. खरं तर ते कार्ट्रिज, पण आपल्याकडे सगळे कॅसेटच म्हणायचे. चालली नाही की फुंकर मारायची. भारनियमनाच्या वेळा सांभाळून खेळायचं, कारण लाइट गेली की गेम पुन्हा पहिल्यापासून.

ते यंत्र म्हणजे निन्टेंडोच्या फॅमिकॉमची नक्कल. मूळ फॅमिकॉम जपानात १९८३ साली आला. आमच्याकडे त्याची स्वस्त भावंडं वीस वर्षांनीसुद्धा जोरात विकली जात होती.

आता रॅम्पेजकडे. १९८६ साली अमेरिकेतल्या बॅली मिडवे कंपनीने तो नाणं टाकून खेळायचा गेम म्हणून काढला. ब्रायन कोलिन आणि जेफ नॉमन ही जोडी त्यामागे होती. बाकी गेममध्ये तुम्ही राक्षसाला मारता. इथे राक्षस तुम्हीच. जॉर्ज हा गोरिला, लिझी ही पाल, राल्फ हा लांडगा. तिघंही मुळात माणसंच, काहीतरी घात होऊन राक्षस झालेली. इमारतीवर चढायचं, भिंतीला ठोसे मारायचे, खिडकीतून माणसं काढून खायची. ताकद संपली की राक्षस परत माणूस होतो आणि अंगावर कपडे नाहीत म्हणून लाजत, हातांनी झाकत, आडवा आडवा पडद्याबाहेर जातो. हे पाहून आम्ही लोळायचो.

इमारत कोसळण्याची कल्पनाही मशीनच्या मर्यादेतून आली. मागच्या पार्श्वभूमीत मोठं काही हलवणं त्या हार्डवेअरला जमत नव्हतं. एक आयत सरळ खाली सरकवणं मात्र जमत होतं. मग तो आयत म्हणजे इमारत, आणि खाली धुळीचा लोट! रोज कोड लिहिणारा माणूस म्हणून मला ही गोष्ट फार आवडते.

पण मूळ मशीनची खरी गंमत वेगळीच : तिघांनी एकाच वेळी खेळायचं. तीन राक्षस, तीन खेळाडू.

१९८८ साली डेटा ईस्टने तो निन्टेंडोच्या घरगुती यंत्रावर आणला आणि त्यात राल्फ नाही! जॉर्ज आणि लिझी, बस. का? हा माझा इंजिनिअरी अंदाज आहे. त्या यंत्रात मुख्य मेमरी २ केबी. पडद्याच्या एका आडव्या रेषेवर फक्त ८ हलते तुकडे दिसू शकतात, प्रत्येक ८ पिक्सेल रुंद. म्हणजे ३२ पिक्सेल रुंदीचे दोन राक्षस शेजारी उभे राहिले की कोटा संपला. तिसरा आला असता तर सगळं लुकलुकलं असतं. शिवाय रिमोट दोनच. कुणाला तरी वगळणं भाग होतं. गंमत म्हणजे १९९० च्या अटारी लिंक्स आवृत्तीत उलट झालं : तिथे लॅरी नावाचा उंदीर वाढवला.

आता माझ्या अडचणीची गोष्ट. आमच्या घरीही आम्ही तिघं होतो. दादा, मी आणि माझ्याहून तीन वर्षांनी लहान मावसभाऊ, सुट्टीत खेड्यावरून आलेला. रिमोट दोन. मग दादाने आणि मी त्याच्या हातात ती बंदूक दिली आणि सांगितलं, "हेलिकॉप्टरमधून गोळ्या सुटतात ना, त्या तू मारतोस." बंदुकीची पिन यंत्रात लावलेलीच नव्हती. अख्खा उन्हाळा तो पडद्यावर नेम धरून बसला. मी हरलो की तो ओरडायचा, "पाडला!"

पुढे २००६ ला 'टोटल डिस्ट्रक्शन' आला, प्लेस्टेशन २, गेमक्यूब आणि वीसाठी. त्यात राक्षसांची संख्या तिसाच्या वर-खाली आणि जुना १९८६ चा गेमही सोबत. आम्हाला मात्र पत्ता नव्हता. मूळ गेम तिघांचा होता हे मला नोकरी लागल्यावर कळलं, आणि पहिला आठवला तो बंदूकवाला.

मागच्या दिवाळीत तो पिपरीला आला होता. मी टीव्हीला लॅपटॉप जोडला, तीन कंट्रोलर लावले, मूळ गेम सुरू केला आणि म्हटलं, "हा राल्फ, हा तुझा." मग बंदुकीचं खरं सांगून टाकलं. वीस वर्षं पोटात होतं.

तो पडद्यावरची नजर न काढता म्हणाला, "मले माहीत होतं. वायर तं खाली लोंबत होती. पण बंदूक हातात असली की तुमच्यासंग बसाले भेटे, नाही तं मावशी बाहेर हाकले."

मला पुढे बोलता आलं नाही. तेवढ्यात राल्फने जॉर्जला ठोसा मारून इमारतीवरून खाली पाडलं. जॉर्ज मी होतो.

पुढच्या भागात तिघांचाच अजून एक गेम : 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स', म्हणजे आपला 'मुस्तफा'. तो १९९३ चा, आणि घरगुती कन्सोलवर कधीच आला नाही. तुमच्या गावच्या पार्लरमध्ये मुस्तफा कोण घ्यायचं आणि तिसरा कोण उभा राहायचा, ते कळवा.