‘ऐतिहासिक’ : एक शब्द, दोन अर्थ आणि बंगळूर

इंग्रजी भाषेत ‘हिस्टॉरिक’ आणि ‘हिस्टॉरिकल’ अशी दोन विशेषणे आहेत. दोहोंचे मूळ एकच. शोध किंवा चौकशी या अर्थाच्या ग्रीक शब्दापासून ती लॅटिनमार्गे इंग्रजीत उतरली. अठराव्या शतकातील इंग्रज लेखक ती एकमेकांच्या जागी सर्रास योजीत. पुढे त्यांची वाटणी झाली. जे केवळ गतकाळातले अथवा इतिहासाविषयीचे, ते ‘हिस्टॉरिकल’. ज्याने इतिहासास वळण दिले, ते ‘हिस्टॉरिक’.

आपल्याकडे हे दोन्ही अर्थ ‘ऐतिहासिक’ या एकाच शब्दाला वाहावे लागतात. ‘ऐतिहासिक कादंबरी’ म्हणताना आपण पहिला अर्थ घेतो, ‘ऐतिहासिक निर्णय’ म्हणताना दुसरा. संदर्भ स्पष्ट असतो तोवर काही बिघडत नाही. परंतु परप्रांतात राहून आपल्या पूर्वजांविषयी बोलताना मनुष्य पहिल्या अर्थावरून दुसऱ्यावर केव्हा सरकतो, हे त्याचे त्यालाच कळत नाही. जे जुने आणि आपले, ते सारेच थोर वाटू लागते. बंगळुरातील मराठ्यांचा इतिहास या दृष्टीने तपासून पाहण्याजोगा आहे.

1638 साली विजापूरच्या रणदुल्लाखानाने शहाजीराजांसह स्वारी करून तिसऱ्या केंपेगौडाकडून हे शहर घेतले व ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. बाल शिवाजीराजे काही काळ येथे राहिले आणि येथूनच पुण्याकडे निघाले, असे परमानंदाच्या ‘शिवभारता’वरून दिसते. पुढे शहाजीराजांचे दुसरे पुत्र एकोजी यांनी तंजावरच्या मराठी राजवटीचा पाया घातला. तेव्हा 1638 ची घटना दोन्ही अर्थांनी ऐतिहासिक म्हणावयास हरकत नाही.

आता मल्लेश्वरम येथील काडु मल्लेश्वर देवस्थानाचा 1669 चा शिलालेख घ्या. एकोजीराजांनी मेदरनिंगनहळ्ळी हे गाव देवास दिल्याची नोंद त्यात आहे. या दानाने कोणतेही राज्य उलथले नाही. दुसऱ्या अर्थाने तो लेख मुळीच ऐतिहासिक नव्हे. पण 1664 मध्ये शहाजीराजे निवर्तल्यानंतर पाच वर्षांनी येथे कोणाचा अंमल चालत होता आणि मराठी सत्ताधारी स्थानिक देवस्थानाशी कसे वागत होता, हे त्या दगडावरून कळते. इतिहासकाराला असा साधा पुरावा गौरवपर शब्दांहून अधिक उपयोगी पडतो. जयराम पिंड्ये याच्या ‘राधामाधवविलासचंपू’त शहाजीराजांच्या दरबाराचे वैभव वर्णिले आहे. राजवाडे यांनी 1922 साली प्रसिद्ध केलेले हे काव्य मोलाचे खरे, परंतु आश्रित कवीची स्तुती आणि दानाची नोंद एकाच मापाने मोजता येत नाहीत.

याच्या उलट प्रकार 1687 चा. एकोजीराजांनी बंगळूर म्हैसूरच्या चिक्कदेवराज वोडेयर यांस तीन लक्ष रुपयांना देण्याचा व्यवहार ठरविला. तो पुरा होण्यापूर्वीच मोगल सरदार कासीमखानाने शहर बळकावले आणि मग त्याच रकमेस ते म्हैसूरकरांच्या स्वाधीन केले. ही कथा मार्क विल्क्स याने आपल्या म्हैसूरच्या इतिहासात दिली आहे. आपल्या उत्सवांतील भाषणांत हिचा उल्लेख क्वचितच होतो, कारण तीत मिरविण्याजोगे काही नाही. परंतु आजच्या बंगळूरच्या दृष्टीने पाहता शहराच्या पुढील वाटचालीस वळण लागले ते या व्यवहाराने. मराठ्यांचे येणे जितके ऐतिहासिक, तितकेच त्यांचे जाणेही.

विल्क्सने 1810 पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या आपल्या ग्रंथाच्या नावात ‘हिस्टॉरिकल’ हेच विशेषण घातले. मिरजेच्या वासुदेवशास्त्री खरे यांनी पटवर्धनांच्या दप्तरातील पत्रे ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ या नावाने छापली, तीही याच विनम्र अर्थाने. तो अर्थ आपण जपला पाहिजे. त्यासाठी नवे शब्द पाडण्याची गरज नाही. ‘इतिहासकालीन’ आणि ‘युगप्रवर्तक’ हे शब्द आपल्या भाषेत आहेतच. बंगळुरातील एखाद्या जुन्या वास्तूस वा प्रसंगास ‘ऐतिहासिक’ म्हणण्यापूर्वी यांपैकी कोणता शब्द तिथे बसेल, एवढे स्वतःस विचारले तरी पुरे. मग मल्लेश्वरमच्या शिलालेखास त्याचे स्थान मिळेल आणि 1687 चे सालही आपण टाळणार नाही.