ट्रम्पेटचे माउथपीस: न्यूरेंबर्ग ते शिकागो

ट्रम्पेटचे माउथपीस म्हणजे बोटभर लांबीचा पितळी तुकडा. ओठांना टेकणारी कड म्हणजे रिम. तिच्या आतली वाटी म्हणजे कप. कपाच्या तळाशी थ्रोट हे अरुंद छिद्र. आणि तिथून वाद्याच्या नळीपर्यंत रुंदावत जाणारा बोगदा म्हणजे बॅकबोअर. वादकाच्या ओठांना सोसवेल अशी रिम, कानाला हवा तसा नाद आणि रचनेत लिहिलेले उंच स्वर, या तिन्ही गोष्टी एवढ्याशा तुकड्याकडून हव्या असतात, आणि त्या एकमेकींच्या आड येतात. कशाला झुकते माप द्यायचे, हे बहुतेक वेळा वादकाच्या नोकरीने ठरवले.

सतराव्या आणि अठराव्या शतकांत ट्रम्पेट घडवण्याचे सर्वांत नावाजलेले केंद्र जर्मनीतील न्यूरेंबर्ग होते. हाइनलाइन, हास, एहे ही तिथली पिढीजात कारागीर घराणी. त्यांच्या ट्रम्पेटांना नळीची लांबी बदलणारे व्हॉल्व्ह नव्हते. दोन मीटरहून लांब नळीतून निसर्गतः निघतील तेवढेच, म्हणजे संवादी (हार्मोनिक) स्वर वाजत. दरबारी आणि लष्करी वादकांच्या संघटनेला सम्राट दुसऱ्या फर्डिनांडने 1623 मध्ये सनद दिली होती. या वादकांत खालचे स्वर सांभाळणारे वेगळे आणि ‘क्लारिनो’ या उंच पट्टीत वाजवणारे वेगळे. ट्रम्पेटवादक योहान एर्न्स्ट आल्टेनबुर्गचा या कलेवरचा ग्रंथ 1795 मध्ये निघाला, तोवर ही परंपरा मावळतीला लागली होती.

त्या काळच्या माउथपीसची रिम रुंद आणि सपाट असे, आणि कप जिथे थ्रोटला मिळतो तिथली कड धारदार. कपाचा व्यास सहसा आजच्यापेक्षा मोठाच. तरीही योहान सेबास्टियन बाखच्या दुसऱ्या ब्रांडेनबुर्ग कॉन्चेर्तोत ट्रम्पेट अठराव्या संवादी स्वरापर्यंत चढतो. लहान माउथपीस घेतले की वरचे स्वर आपोआप येतात, ही नवशिक्यांची लाडकी समजूत इथेच निकालात निघते. उलट प्रशस्त कपात ओठांना हलायला जागा मिळे आणि मुळातच थोडे बेसूर असणारे अकरावा आणि तेरावा हे स्वर ओठांनी ओढून सुरात आणता येत.

1818 मध्ये हाइन्रिख श्टोल्त्सेल आणि फ्रीड्रिख ब्ल्यूमेल यांनी प्रशियात व्हॉल्व्हचे पेटंट घेतले आणि पितळी वाद्यांचे जगच पालटले. पुढे फ्रान्समध्ये ट्रम्पेटसारखेच कॉर्नेट हे वाद्य लोकप्रिय झाले. त्याचा कप खोल, नरसाळ्यासारखा. नाद मऊ आणि वादन चपळ. पॅरिसच्या झाँ-बातिस्त आर्बाँने 1864 मध्ये कॉर्नेटची जी शिक्षणपद्धती छापली, ती ट्रम्पेटवादक आजही गिरवतात. माउथपीसचा एक तृतीयांश भाग वरच्या ओठावर आणि दोन तृतीयांश खालच्या ओठावर टेकवावा, असे त्याचे म्हणणे. नंतरच्या शिक्षकांनी या प्रमाणावर भरपूर वाद घातले, आणि ते रास्तच होते, कारण दातांची ठेवण प्रत्येकाची निराळी.

आर्बाँच्या काळात माउथपीस बहुधा हाताने कातले जाई. आवडते माउथपीस हरवले तर हुबेहूब तसेच दुसरे मिळण्याची खात्री नसे. ही अडचण दूर करण्यात सर्वांत मोठा वाटा व्हिन्सेंट बाखचा. (संगीतकार बाखशी त्याचे नाते नाही, मूळ आडनाव श्रोटेनबाख.) व्हिएन्नाजवळच्या बाडेन गावी 1890 मध्ये जन्मलेला हा वादक शिक्षणाने इंजिनिअर होता. 1914 मध्ये तो अमेरिकेत आला आणि 1918 मध्ये न्यूयॉर्कला लेथवर माउथपीस कातू लागला. दौऱ्यावर असताना एका कारागिराने त्याचे स्वतःचे माउथपीस बिघडवले, त्यातून हा धंदा उभा राहिला, अशी कथा सांगतात. वादकाचे कान आणि इंजिनिअरची मोजपट्टी एकाच माणसाकडे असल्यामुळे मापे ठरली, त्यांना क्रमांक मिळाले, आणि वादकांना निवडीसाठी एक सामाईक भाषा मिळाली.

ही भाषा मात्र सरळ नाही. बाखच्या पद्धतीत आकडा वाढला की व्यास घटतो. अक्षर ए म्हणजे खोल कप, ई म्हणजे उथळ. विद्यार्थ्यांच्या वाद्यासोबत बहुधा येणाऱ्या 7सीचा व्यास 16.20 मिलिमीटर, तर 3सीचा 16.30. फरक मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाचा. पण रिमचा उतारही वेगळा असल्याने ओठ तो लगेच ओळखतात. पुढे शिकागोच्या रेनॉल्ड शिल्केने नेमके उलटे केले: त्याचा आकडा वाढला की व्यास वाढतो आणि ए म्हणजे सर्वांत लहान कप. दोन कंपन्यांचे क्रमांक शेजारी ठेवून तुलना करणारा ग्राहक हमखास गोंधळतो.

विसाव्या शतकात नोकऱ्याही दोन टोकांना गेल्या. ड्यूक एलिंग्टनच्या वाद्यवृंदातला कॅट अँडरसन आणि पुढे मेनार्ड फर्ग्युसन हे अतिउंच स्वरांसाठी गाजले. बिग बँडमध्ये असे काम करणारे वादक सहसा उथळ कपाकडे वळतात. उथळ कप वरच्या संवादी स्वरांना बळ देतो, त्यामुळे नाद झळझळीत होतो आणि बँडच्या गोंगाटातून आरपार जातो. कपाचा परिणाम सुरावरही होतो. माउथपीसची रिम तळहातावर आपटली की टप्पदिशी आवाज येतो. त्याची उंची आणि कपाचे आकारमान यांचा वाद्याच्या सुरेलपणाशी असलेला संबंध भौतिकशास्त्रज्ञ आर्थर बेनाड यांनी उलगडला.

सिंफनी वाद्यवृंदात मोठ्या माउथपीसची लाट आली ती शिकागोहून. अॅडॉल्फ हर्सेथ 1948 पासून 2001 पर्यंत शिकागो सिंफनीचे प्रमुख ट्रम्पेटवादक होते. 1952 मधील मोटार अपघातात त्यांचे ओठ आणि दात जबर दुखावले, आणि जखमी ओठाला जागा मिळावी म्हणून त्यांनी मोठ्या व्यासाचे माउथपीस धरले. त्यांचा भरदार नाद ऐकून असंख्य धडधाकट वादकांनी तेच माप घेतले. एका माणसाच्या व्रणाची सोय अशी सरसकट शिफारस बनली, आणि झेपत नसतानाही ती पाळणारे पुष्कळ निघाले.

म्हणून अनुभवी शिक्षक आधी रिम ठरवायला सांगतात. रुंद रिम दाब पसरवते आणि दम टिकवते, पण ओठांची हालचाल जखडते. अरुंद रिमचे याच्या नेमके उलट. रिमचा व्यास आणि उतार जुळला की मग कपाची खोली कामाप्रमाणे निवडायची. थ्रोट आणि बॅकबोअरला हात सर्वांत शेवटी. म्हणूनच रिम आणि कप आट्यांनी जोडलेली माउथपीस निघाली: वादक ओठांना सरावलेली रिम तीच ठेवतो आणि सिंफनीला खोल, जॅझला उथळ असा कप तेवढा बदलतो.