शकांना हरवलं, मग शकांचीच सून आणली

आंतरजातीय लग्नाचा विषय निघाला की आमच्या येरमाळ्यात पारावर एक वाक्य हमखास येतं, "पूर्वी असलं काही चालत नव्हतं." तर आज बघू, पूर्वी म्हणजे अगदी पूर्वी, सातवाहनांच्या काळात काय चालत होतं. हा इतिहास लांबचा नाही. आपल्याच जिल्ह्यातलं तेर तेव्हा मोठी बाजारपेठ होतं. ग्रीक भाषेतल्या 'पेरिप्लस'मध्ये ते 'तगर' म्हणून आलंय.

नाशिकच्या पांडवलेण्यांत, तीन नंबरच्या लेण्यात, एक लांबलचक प्राकृत शिलालेख आहे. राजमाता गौतमी बलश्रीचा. नातू पुळुमावीच्या कारकिर्दीच्या १९व्या वर्षातला. त्यात आपल्या लेकाचं, गौतमीपुत्र सातकर्णीचं, भरभरून कौतुक आहे. त्यानं शक, यवन, पल्हवांचा नाश केला. आणि चार वर्णांचा संकर थांबवला. संकर म्हणजे सरमिसळ, त्यात लग्नं आलीच. आता मला सांगा, जे होतच नव्हतं ते थांबवल्याचं कौतुक दगडावर कोण कोरून ठेवेल?

(जाता जाता: हे राजे आईचं नाव लावायचे म्हणून तेव्हा बायकांचं राज्य होतं, असले फॉरवर्ड फिरतात. तसं नाही. गादी बापाकडून मुलाकडेच जायची.)

खरी गंमत पुढंय. मुंबईच्या कान्हेरी लेण्यांत पाण्याच्या एका टाक्यापाशी तुटका लेख आहे. टाकं सतेरक नावाच्या अमात्यानं दान दिलेलं. त्यात वासिष्ठीपुत्र सातकर्णीच्या राणीचा उल्लेख येतो: कार्दमक राजकुळातली, महाक्षत्रपाची मुलगी. कार्दमक म्हणजे शकच की! बापाच्या नावातलं 'रु' एवढंच उरलंय, पण बहुतेक अभ्यासक तो रुद्रदामन मानतात. आणि हा सातकर्णी पुळुमावीचा भाऊ समजला जातो, म्हणजे बलश्रीचा नातूच. आजीनं ज्यांच्या नाशाचा अभिमान कोरला, त्यांच्याच घरातली नातसून आली.

वर्णाचा नियम रयतेला दाखवायचा, स्वतःची सोयरीक मात्र राजकारण बघून, असं मला तरी यात सरळ दिसतं. त्या सोयरिकीचा उपयोगही झाला. इ.स. १५०च्या सुमारास रुद्रदामननं जुनागढला लेख कोरवला. दक्षिणापथाच्या सातकर्णीला दोनदा हरवलं, पण नातं जवळचं म्हणून त्याला संपवलं नाही, असं तो त्यात सांगतो. गिरनारच्या वाटेवर तो खडक आजही आहे. त्याच दगडावर अशोकाचेही लेख आहेत. तिकडं गेलात तर थांबून नक्की बघा.