आजारातून उठलेलं तान्हं बाळ



आपल्याकडे बाळ जन्मले की पाचवी पुजतात. सटवाई येते आणि बाळाच्या कपाळावर त्याचे नशीब लिहून जाते, असे म्हणतात. पाटावर कोरा कागद आणि लेखणी ठेवायची, दिवा रात्रभर विझू द्यायचा नाही, आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांनी जागत बसायचे. ही जाग नेमकी त्याच दिवसांत का, असा विचार तुमच्या मनात कधी आला आहे का?

मला वाटते, त्यामागे पिढ्यान्‌पिढ्यांचे दुःख आहे. विळ्याने नाळ कापायची, वर राख नाहीतर शेण लावायचे, हा रिवाज पुष्कळ ठिकाणी होता. त्यातून धनुर्वात जडायचा, आणि तो बहुधा पहिल्या आठवड्याच्या आसपासच दिसू लागतो. चांगले दूध ओढणारे बाळ दूध सोडते, जबडा मिटतो, अंग ताठ होते. आजीबाईंना धोक्याचा दिवस बरोबर कळला होता, कारण कळले नव्हते. पुढे गरोदर बाईला लस मिळू लागली, नाळ स्वच्छ पात्याने कापली जाऊ लागली, आणि २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेने भारतातून माता व नवजात बालकांच्या धनुर्वाताचे निर्मूलन झाल्याचे जाहीर केले.

एक शत्रू हटला. पण जंतुदोष, न्यूमोनिया, अपुऱ्या दिवसांचे बाळंतपण हे शत्रू राहिलेच. यातून बाळ वाचले तरी ते परत घरीच येते ना? त्या घराची कहाणी आपल्या वर्धा जिल्ह्यातून सुरू होते.

१९३६ च्या एप्रिलअखेर गांधीजी वर्ध्याजवळच्या शेगावी राहायला आले. तेच पुढे सेवाग्राम झाले. त्यांच्या सहवासात डॉ. सुशीला नायर या तरुण डॉक्टरीण होत्या. २२ फेब्रुवारी १९४४ रोजी कस्तुरबा पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये कैदेतच वारल्या, तेव्हा सुशीलाताईही तिथेच कैदेत होत्या. त्यानंतर लवकरच सेवाग्रामात कस्तुरबांच्या नावाने दवाखाना निघाला. बिर्लांच्या अतिथिगृहात पंधरा खाटा मांडल्या, आणि त्या बायका व मुले यांच्यासाठी. १९६९ साली, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, तिथेच वैद्यकीय महाविद्यालय उभे राहिले. तिथल्या विद्यार्थ्यांच्या प्रत्येक तुकडीने एक गाव दत्तक घ्यायचे, घराघरांत जायचे, अशी रीत पडली. खाटेवरचा रोगी कोणत्या ओट्यावर, कोणत्या चुलीच्या धुरात परत जातो, हे डॉक्टराने विद्यार्थिदशेतच पाहावे, हा त्यातला हेतू मला फार मोलाचा वाटतो.

आणखी एक गोष्ट तिथे घडली. ती सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. मूल आजारी पडले की आईबापांच्या छातीवर दुसरे ओझे येते ते पैशाचे. कापूस अजून घरात आलेला नसतो, आणि सावकाराची पायरी चढावी लागते. सेवाग्रामच्या आसपासच्या गावांत डॉ. उल्हास जाजू यांच्या पुढाकाराने १९८० च्या आगेमागे एक योजना चालली. सुगीच्या वेळी प्रत्येक घराने आपल्या ऐपतीप्रमाणे ज्वारी द्यायची आणि त्या बदल्यात दवाखान्यात उपचाराची सवलत घ्यायची. विमाच तो, फक्त हप्ता पायलीने मोजायचा! बाळ बरे झाले पण बैल विकावा लागला, तर ते घर सावरले असे कसे म्हणावे?

आता सेवाग्रामचाच एक मुलगा. ठाकुरदास बंग यांचे चिरंजीव अभय. जन्म वर्ध्याचा, १९५० चा. शिक्षण सेवाग्रामच्या नई तालीमच्या शाळेत. मोठेपणी ते आणि त्यांच्या पत्नी डॉ. राणी बंग वर्धा सोडून गडचिरोलीच्या झाडीत गेले आणि १९८६ साली त्यांनी ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. तान्ही मुले घरीच जन्मत आणि घरीच दगावत. दवाखाना लांब, नदीनाले आडवे, आणि ओल्या बाळंतिणीला घराबाहेर काढायला घरचे तयार नसत. मग बंग दांपत्याने ठरवले की दवाखानाच घरात न्यायचा.

तो कसा नेला? एकोणचाळीस गावे घेतली. प्रत्येक गावातली, पाच ते दहा इयत्ता शिकलेली एकेक बाई निवडली आणि तिला तयार केले. बाळंतपणाला तिने हजर राहायचे, बाळाचे वजन घ्यायचे, ऊब राखायची, पहिले चिकाचे दूध फेकू द्यायचे नाही, आणि पुन्हा पुन्हा घरी जायचे. बाळ रडेनासे झाले, दूध ओढेना, हातपाय लुळे पडले, अंग गार किंवा तापलेले लागले, पोट फुगले, बेंबीत पू झाला, कण्हू लागले; अशी लक्षणे ती ताडून बघे. दोन लक्षणे एकत्र दिसली की जंतुदोष समजायचा. दवाखान्यात न्या म्हणायचे, आणि घरचे नेत नसतील तर त्यांच्या संमतीने स्वतःच इंजेक्शन द्यायचे. खेड्यातल्या बाईच्या हाती सुई! ऐकणाऱ्यांच्या कपाळाला आठ्या पडणे साहजिक होते. पण आकडे पाहा. आधी जंतुदोष झालेल्या शंभर बाळांतली सोळा-सतरा दगावत. या बायकांच्या उपचारानंतर तीनच्या आत आली. जन्मल्यापासून पहिल्या महिन्यात हजारी बासष्ट बाळे जात, ती तीन वर्षांत पंचवीस-सव्वीसवर आली. डिसेंबर १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या विख्यात इंग्रजी वैद्यकीय नियतकालिकाने हे छापले, आणि जगभरच्या डॉक्टरांना गडचिरोलीचे नाव कळले.

हे काम करताना दुसरीही बाब पुढे आली. बाळाकडे बघता बघता आईकडे बघणे झाले. या गावांतल्या ७७२ बाळंतिणींची घरी जाऊन नोंद ठेवली, तर शंभरातल्या त्रेचाळीस जणींना बाळंतपणानंतरच्या दिवसांत काही ना काही आजार झालेला! स्तनांची दुखणी त्यांत पुष्कळ. आता तुम्हीच बघा, अंगावर पाजताना आईचा जीव कळवळत असेल, तर आजारातून उठलेल्या बाळाचे वजन वाढायचे कसे? म्हणून बाळ ओढत नसेल तर दर दोन-तीन तासांनी दूध हाताने पिळून काढावे, वाटीचमच्याने नाहीतर स्वच्छ बोंडल्याने पाजावे. दूध आटत नाही आणि गाठीही होत नाहीत. आईला पोटभर जेवायला द्यावे. अमुक बाधते, तमुक बाधते म्हणून तिला उपाशी ठेवण्याने कुणाचे भले झालेले मला ठाऊक नाही.

आणि बाप? पहिले बाळंतपण माहेरी, त्यामुळे बापाला बाळ दिसते ते कधी कधी बारशालाच. तो बिचारा दाराशी पाहुण्यासारखा उभा राहतो. १९७८ साली दक्षिण अमेरिकेतल्या कोलंबिया देशात, बोगोटा शहरी, काचपेट्या अपुऱ्या पडू लागल्या. तेव्हा डॉ. रे आणि डॉ. मार्टिनेझ यांनी कमी वजनाची बाळे आईच्या उघड्या छातीशी बांधून ठेवण्याची रीत काढली. कांगारूच्या पिल्लासारखी, म्हणून तिला कांगारू पद्धत म्हणतात. बाळ उबेत राहते, श्वास ठीक चालतो, दूध मिळते. ही ऊब बापाच्या छातीतूनही मिळते बरं का! आई दोन घास खाईल, तासभर डोळा लावेल, तोवर बापाने बाळ छातीशी घ्यावे. दवाखान्यात नळ्या-सुयांनी वेढलेले लेकरू पाहून तोही आतून हादरलेला असतो. त्याचाही जीव तिथेच थाऱ्यावर येतो.

गडचिरोलीचा हा धडा पुढे देशाने उचलला. २०११ पासून आशाताई नवजात बाळाच्या घरी भेटी देऊ लागल्या. बाळ दवाखान्यात जन्मले तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. घरी जन्मले तर पहिल्या दिवशीही. अशा रीतीने सेवाग्रामच्या लेकाने गडचिरोलीत घडवलेली रीत वर्धा जिल्ह्यातल्या दारांतही आली. दवाखान्यातल्या विशेष कक्षातून परतलेल्या बाळाकडे तर आशाताईला मुद्दाम बोलवावे, ती येईल तेव्हा येईल म्हणून बसू नये. बाळ सुधारले की नाही हे गालावरून ठरवू नये, तिच्या काट्यावर ठरवावे.

शिक्षक मित्रहो, गावात सेकंदकाट्याचे घड्याळ बघून मोजणी करणारे माणूस म्हणजे तुम्ही. म्हणून एवढे प्रत्येक घराला शिकवा. बाळ शांत असताना त्याच्या पोटावरचे कपडे सैल करावे आणि पूर्ण एक मिनिट पोटाचे वर-खाली होणे मोजावे. रडत असेल तर थांबावे. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास साठ किंवा अधिक भरले, तर पुन्हा एकदा मोजावे. तितकेच आले, किंवा बाळाने दूध सोडले, अंग गार पडले, तर अंगारा-धुपारा करीत बसू नये. एकशे आठ नंबरला फोन करावा, बाळाला छातीशी धरून, वरून पांघरूण घेऊन निघावे, आणि आईला सोबत न्यावे. सरकारी दवाखान्यात आजारी नवजात बाळाचा उपचार आणि नेण्या-आणण्याची गाडी मोफत आहे.